बीएमडब्ल्यूची झेड-फोर की एम-टू? गांधीनगर ते धंतोली, रोजच्या रस्त्यावरचा एक निर्णय

गेली सव्वीस वर्षं मी नागपुरात मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून काम करतो. ठोकलेल्या, बुडालेल्या, खालून फाटलेल्या गाड्या पाहणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुणी गाडी घ्यायची म्हटलं की माझी नजर आधी गाडीच्या पोटाखाली जाते, रंग आणि हॉर्सपॉवर नंतर. हे प्रकरण माझ्या भाचीचं आहे. तिच्या परवानगीनं लिहितो आहे आणि नाव देत नाही. एक कोटीच्या आसपासची स्पोर्ट्स कार रोज वापरायला घेण्याचा विचार विदर्भात आता बरेच जण करताना दिसतात. त्यांतले निम्मे नंतर माझ्यासमोर क्लेमचा फॉर्म घेऊन बसतात, म्हणून सगळं सविस्तर मांडतो.

भाची भूलतज्ज्ञ आहे, वय एकोणचाळीस. भूलतज्ज्ञाला एक दवाखाना नसतो. सकाळी सातला धंतोलीत एक केस, दहाला रामदासपेठेत दुसरी, दुपारी वर्धा रोडला तिसरी, आणि रात्री दोन वाजता सिझेरियनसाठी फोन आला की पुन्हा धंतोली. गांधीनगरात घर, मागे बॅग, बॅगेत स्वतःचं सामान. दिवसातले दोन तास ती गाडीत असते आणि तेवढेच दोन तास तिच्याकडे कुणी काही मागत नसतं. "मामा, हे दोन तास मला चांगले घालवायचे आहेत," हे तिचं वाक्य. ते मला पटलं. पंधरा वर्षं कमावून, घराचं कर्ज फेडून मग कुणी असं म्हणत असेल तर त्यात उधळपट्टी शोधू नये.

गाडीचं वेड मात्र जुनं. माझ्या मेव्हण्यांची प्रीमियर पद्मिनी होती, स्टिअरिंगला गिअरचा दांडा असलेली. सेमिनरी हिल्सच्या चढावर हँडब्रेक न लावता ती क्लचवर तोलून धरायची, हे भाची अठराव्या वर्षीच शिकली. चालवण्यातली मजा म्हणजे गाडीशी बोलणं, हे तिच्या अंगात तेव्हापासून आहे.

दोन गाड्या

मे २०२३मध्ये बीएमडब्ल्यूनं भारतात एकाच महिन्यात दोन गाड्या आणल्या. एक नव्या रूपातली झेड-फोर एम-फॉर्टी-आय, एक्स-शोरूम ८९.३० लाख. दुसरी नवी एम-टू, ९८ लाख. दोन्ही तेव्हा तयार होऊन बाहेरून येत, झेड-फोर ऑस्ट्रियातल्या ग्राझहून आणि एम-टू मेक्सिकोहून. दोन्हींत तीन लिटरचं, एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं टर्बो पेट्रोल इंजिन, दोन्हींत मागची चाकं गाडी ढकलतात. म्हणून वरवर पाहणाऱ्याला त्या बहिणी वाटतात.

चालवणाऱ्याला तसं वाटत नाही. झेड-फोरला ३४० हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, दोन सीटा आणि कापडी टप. हा टप बटण दाबलं की दहा सेकंदांत उघडतो, ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीतही. एम-टूला ४६० हॉर्सपॉवर, चार सीटा, पत्र्याचं छत, ३९० लिटरची डिक्की (झेड-फोरची २८१), आणि मागितला तर सहा गिअरचा मॅन्युअल. शून्यापासून शंभरला झेड-फोर ४.५ सेकंद घेते, ऑटोमॅटिक एम-टू ४.१. वजनात झेड-फोर दीड-दोनशे किलोंनी हलकी.

महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला तेव्हा १३ टक्के रोड टॅक्स होता. म्हणजे झेड-फोरवर ११.६ लाख आणि एम-टूवर पावणेतेरा लाखांना थोडे कमी. विमा आणि एक टक्का टीसीएस (विक्रेता खरेदीच्या वेळीच घेतो तो कर) धरून पहिली सुमारे एक कोटी पाच लाखांना पडत होती, दुसरी एक कोटी पंधराच्या आसपास. टीसीएस इन्कम टॅक्समध्ये वळता होतो, त्याचं ओझं नाही. दहा लाखांचा फरक मोठा आहे, पण तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की एवढ्या रकमेसाठी ती मन मारणार नाही. म्हणून पैशाचा मुद्दा आम्ही तिथेच सोडला.

माझं मत तेव्हा स्पष्ट एम-टूच्या बाजूनं होतं. नऊ वर्षांचा मुलगा, पत्र्याचं छत, चार सीटा, आणि मॅन्युअल गिअर. पद्मिनीवर शिकलेल्या मुलीला आणखी काय पाहिजे? भाचेजावईही त्याच मताचे. मतदान घेतलं असतं तर विषय पंधरा मिनिटांत संपला असता.

एका आठवड्याची वही

मी तिला एकच काम सांगितलं. गाडी ठरवण्याआधी सात दिवस प्रत्येक फेरी लिहून काढ: कुठून कुठे, किती किलोमीटर, गाडीत कोण होतं, आणि सगळ्यात जास्त वेग किती लागला. ९ ते १५ जुलै २०२३. ती वही माझ्याकडे अजून आहे.

अडतीस फेऱ्या, २६२ किलोमीटर. एकतीस फेऱ्यांत ती एकटी. सहा फेऱ्यांत आणखी एक जण, त्यांतल्या चार वेळा मुलगा. दोनपेक्षा जास्त माणसं फक्त एकदा. ताशी ८०च्या वर गाडी गेली ती जेमतेम एकोणीस किलोमीटर, आणि तीही एकाच दिवशी आउटर रिंग रोडवर. बाकीचं सगळं २० ते ६०च्या मधलं. शंकरनगर चौक, झाशी राणी चौक, पंचशील चौक, धंतोलीतले बोळ, वर्धा रोडचा डबल डेकर पूल.

ही वही पाहून मला माझ्या मताची पहिल्यांदा शंका आली. मी एम-टू सुचवत होतो ती समृद्धी महामार्ग डोळ्यांपुढे ठेवून. पण समृद्धीवर ती वर्षातून चार वेळा जाईल आणि तिथेही मर्यादा १२०चीच. १२०ला एम-टूचं इंजिन झोपेत असतं. रोजची गाडी निवडताना बहुतेक लोक हीच चूक करतात. वर्षातून चारदा लागणाऱ्या रस्त्यासाठी गाडी घेतात आणि उरलेले तीनशे साठ दिवस तिच्यावर चिडतात. मी स्वतः तोच सल्ला द्यायला निघालो होतो.

पट्टी घेऊन रस्त्यावर

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. अशा गाड्यांचे नागपुरातले बरेचसे क्लेम वेगानं होत नाहीत. ताशी पाच किलोमीटरनं होतात. गतिरोधकावर, रॅम्पच्या कडेवर, किंवा सिमेंट रस्ता संपून जुन्या गल्लीत उतरताना जी पायरी असते तिथे. आपल्याकडे सिमेंटचे रस्ते आले आणि बाजूच्या गल्ल्या, फाटकं खाली राहिली. चार-सहा इंचांचा तो उतार साध्या गाडीला कळतही नाही. बुटक्या गाडीचा पुढचा ओठ, म्हणजे बंपरची खालची कड, तिथेच जातो, आणि नशीब खराब असेल तर चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं तेलाचं भांडं.

झेड-फोरचं पोट जमिनीपासून ११४ मिलिमीटरवर असतं, म्हणजे साडेचार इंच. पण नुसता हा आकडा पुरत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, तेवढंच महत्त्वाचं. अंतर जितकं जास्त तितकं मधलं पोट उंचवट्यावर टेकतं. झेड-फोरचा व्हीलबेस २४७० मिलिमीटर, एम-टूचा २७४७.

हार्डवेअरच्या दुकानातून ॲल्युमिनियमची चौकोनी पट्टी आणली. तिच्यावर २४७० आणि २७४७ला मार्करनं खुणा केल्या, आणि ११४ मिलिमीटरचा एक लाकडी ठोकळा कापून घेतला. तुलना फक्त चाकांमधल्या अंतराची व्हावी म्हणून पोटाची उंची दोन्ही गाड्यांना तीच धरली. रविवारी सकाळी साडेसहाला मी, भाची आणि तिचा मुलगा असे तिघं निघालो. पट्टीचं दुसरं टोक पोरानं धरायचं, हे त्यानंच ठरवलं.

घर ते धंतोली तेवीस गतिरोधक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, १७ मीटर त्रिज्येच्या गोलाईचा. अशा गतिरोधकावर गाडीची दोन्ही चाकं एकदम मावतात, आणि मधल्या पोटाखाली उंचवटा फक्त ४५ मिलिमीटर वर येतो, झेड-फोरला. एम-टूला ५६. नियमानं बांधलेल्या गतिरोधकाला या दोन्हींतली एकही गाडी घासत नाही. घासते ती कॉलनीतल्या लोकांनी रातोरात टाकलेल्या डांबराच्या गोळ्याला. तो दीड फूट रुंद आणि अर्धा फूट उंच. पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची, आणि पूर्ण उंची पोटाखाली. तिथे व्हीलबेस काही वाचवत नाही. तेवीसांत असे चार निघाले. त्यांतले दोन टाळता येत होते, उरलेले दोन नाहीत.

अशा ठिकाणी गाडी तिरपी घ्यायची. एका वेळी एकच चाक चढवलं की एक ना एक चाक उंचवट्यावर राहतं आणि पोट थोडं उचललेलं असतं. पण तिरपं घ्यायला सगळा रस्ता लागतो, आणि धंतोलीत सकाळी दोन्ही बाजूंनी दुचाक्या असतात. म्हणून हा उपाय सांगायला सोपा, रोज करायला त्रासाचा.

खरी गाठ पडली ती रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलच्या तळघराच्या रॅम्पवर. तिथे ती आठवड्यातून पाच दिवस गाडी लावते. सहा फूट पुढे गेलं की एक फूट खाली, असा उतार, आणि वरची कड एकदम धारदार, जरासुद्धा गोलाई नाही. आम्ही पट्टी कडेवर टेकवली, दोन्ही टोकं समान उचलून धरली आणि चाकं जिथे येतील तिथे पट्टीपासून खालच्या जमिनीपर्यंतचं अंतर मोजलं. गणितही करून पाहिलं. झेड-फोरच्या खुणेला १०२ मिलिमीटर, एम-टूच्या खुणेला ११४.

ठोकळा एम-टूच्या मापाला बरोबर टेकला. झेड-फोरच्या मापाला बारा मिलिमीटर फट राहिली. पोरगं जमिनीवर पालथं पडून फटीतून पलीकडचा उजेड पाहत होतं. "मामाआजोबा, इथून दिसतंय!" तेवढ्यात तिथला चौकीदार आला. आधी त्याला वाटलं आम्ही महापालिकेकडून आलोय. मग म्हणाला, "येवढी खाली गाडी काऊन घेऊन राहिले मॅडम? इथं तर मोठ्या डॉक्टरची गाडी रोज घासते. तो आवाज आला का मले समजते, साहेब आले."

बारा मिलिमीटर म्हणजे फार नाही. दोन माणसं आणि सामान बसलं की स्प्रिंग सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर दबते, म्हणजे भरलेली झेड-फोरही तिथे घासेल. पण वहीत लिहिलेलं होतं की ती एकटी असते. एकटीच्या वजनाला ती फट पुरते. भाचीनं त्याच आठवड्यात हॉस्पिटलच्या व्यवस्थापनाला कड घासून गोल करण्याबद्दल विचारलं, आणि ते काम खरंच झालं. एक मिस्त्री, एक ग्राइंडर, एक दुपार. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं.

चालवून पाहिल्यावर

ऑगस्टमध्ये एका कॉन्फरन्सच्या निमित्तानं ती मुंबईला गेली आणि दोन्ही गाड्या चालवून आली. पाऊस असल्यामुळे टप उघडता आला नाही. तरी आल्यावर तिनं जे सांगितलं ते मी जवळजवळ तिच्याच शब्दांत लिहून ठेवलं होतं.

"एम-टू जबरदस्त आहे मामा. क्लच जड, गिअर खटकन बसतो, ब्रेक दाबला की पोटात गोळा येतो. पण ती सतत म्हणत होती, अजून दाब, अजून दाब. आणि समोर सिग्नल. दुसरा गिअर संपायच्या आत मी कायद्याच्या बाहेर. वीस मिनिटं मी तिला आवरत होते. झेड-फोरमध्ये मी चाळीसनं चालले होते आणि वळणावर बूड बरोबर मागच्या चाकाच्या वर बसल्यासारखं वाटत होतं. मला काही आवरावं लागलं नाही."

या उत्तरात सगळं आलं असं मला वाटतं. झेड-फोरमध्ये चालवणारा जवळजवळ मागच्या आसावर बसतो आणि लांब नाक पुढे वळताना दिसतं. त्यामुळे हळू वेगातही गाडी फिरल्याचं अंगाला कळतं. एम-टू जास्त पक्की, जास्त अचूक गाडी आहे. ट्रॅकवर न्यायची असती तर मी दुसरा विचारही केला नसता. पण तिची मजा जिथून सुरू होते तिथपर्यंत पोचायला मोकळा रस्ता लागतो. शंकरनगर ते पंचशील तो मिळत नाही.

मॅन्युअलचा मोह तिनं स्वतःच सोडला. रात्री दोनची केस करून पहाटे घरी येताना डावा पाय दुखतो, हे तिच्या पायाला माहीत होतं. मला मात्र ते अजून लागतं. मॅन्युअल गिअरच्या अशा गाड्या आता बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्यात आणि त्यांतली एक आपल्या घरी आली असती.

२३ सप्टेंबर

निर्णय असा अर्धवट असतानाच ती रात्र आली. २३ सप्टेंबर २०२३, शनिवारची पहाट. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहायला लागला आणि नाग नदीचं पाणी वस्तीत शिरलं. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, धरमपेठेचा खालचा भाग. ज्यांनी ती सकाळ पाहिली त्यांना वेगळं सांगायला नको. गांधीनगरातल्या तिच्या इमारतीच्या तळघरात छातीपर्यंत पाणी होतं आणि त्यात तिची जुनी हॅचबॅक.

साडेपाचला जावयांचा फोन आला. पाणी ओसरायला लागलंय, गाडी सुरू करून वर काढतो म्हणाले. मी जवळजवळ ओरडलो. बुडालेली गाडी सुरू करायची नसते, चावीसुद्धा फिरवायची नसते. हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये पाणी गेलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. स्टार्टर मारला की पिस्टन पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग साध्या कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत विमा कंपनी म्हणते की इंजिन पुरानं नाही, तुम्ही चालू केल्यानं गेलं, आणि पॉलिसीच्या शब्दांप्रमाणे ती बहुधा बरोबर असते. त्यांनी चावी फिरवली नाही. गाडी टोइंग करून वर काढली, सर्व्हे दुसऱ्या सर्व्हेअरनं केला (नात्यातला क्लेम मी पाहत नाही), टोटल लॉस, म्हणजे गाडी दुरुस्तीपलीकडे गेल्याचा क्लेम, मंजूर झाला.

पुढचे दोन महिने मी बुडालेल्या गाड्यांशिवाय काही पाहिलं नाही. तळघरांतून बाहेर ओढलेल्या गाड्यांचा तो वास, ओल्या गादीचा आणि डिझेलचा, अजून नाकात आहे. त्यांत चार-पाच अशाच उंची गाड्या होत्या. एका सद्गृहस्थांची गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते. सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं.

या पुरानं प्रश्न एका जागी आणला. तळघरात आता कुठलीच गाडी लावायची नाही, हे ठरलं. शेजारच्या काकांनी स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीच्या खांबांमधली जमिनीवरची जागा बदलून द्यायची तयारी दाखवली. त्यांची गाडी लहान होती आणि ती ते अंगणात लावत होते. आम्ही तीच ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन खाली गेलो. मागच्या भिंतीपासून पुढच्या खांबाच्या रेषेपर्यंत ४.६५ मीटर. एम-टूची लांबी ४.५८. पुढे-मागे मिळून सात सेंटिमीटर, म्हणजे दोन्हीकडे तीन बोटंही नाहीत. झेड-फोर ४.३२. तेहतीस सेंटिमीटर मोकळी.

एवढ्या मोठ्या खरेदीचा निकाल एका खांबानं लावावा हे जावयांना पटेना. मला पटलं. रात्री दोनला फोन आल्यावर ज्या गाडीला बाहेर काढायला तीनदा पुढे-मागे करावं लागतं, ती गाडी महिनाभरात घरीच राहते आणि माणूस दुसरी चावी उचलतो. असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

माझे दोन आक्षेप

तरी दोन गोष्टींवर मी अडून बसलो. पहिली, कापडी टप. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५च्या वर जातो, पावसाळ्यात टप उघडायचा प्रश्न नाही, आणि सेमिनरी हिल्सकडून माकडं कधी खाली उतरतील याचा नेम नाही. उघडा टप घेऊन फिरण्यासारखे दिवस म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि ऑक्टोबर-मार्चच्या काही संध्याकाळी. जेमतेम पाच महिने. तिचं उत्तर होतं की उरलेले सात महिने गाडीला छत आहेच. रात्री एकटी असताना टप बंद आणि दारं लॉक, हा तिनं स्वतःच केलेला नियम. स्टिल्टमध्ये सावली असल्यामुळे कापडाचा प्रश्नही बराच सुटत होता.

दुसरा आक्षेप मुलाचा. झेड-फोरला मागची सीट नाही. नऊ वर्षांच्या मुलाची जागा मागेच, यावर माझी कुणाशी चर्चा नाही. पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. साधारण १४५ सेंटिमीटर उंची झाल्याशिवाय तो खांद्यावरून नीट जात नाही, मानेवर येतो. अपघातानंतर पट्ट्यानं काय होतं हे मी कागदावर पुष्कळदा वाचलंय. पोराची उंची तेव्हा १३१. भाची बराच वेळ गप्प बसली. वहीतल्या त्या चार फेऱ्या शाळेच्या आणि पोहण्याच्या क्लासच्या होत्या, आणि त्यांत ती दोघं बोलायची. शेवटी ठरलं की तो वडिलांच्या गाडीत मागे बसेल. त्या चार फेऱ्या तिनं सोडल्या. या निर्णयाची खरी किंमत विचाराल तर मी हीच सांगेन. दहा लाख वाचले ते त्यापुढे काही नाहीत.

ऑक्टोबरच्या शेवटी झेड-फोर बुक झाली.

विम्याचे कागद

हा भाग मी स्वतः बसून केला. नव्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीनं मान्य केलेली किंमत, पहिल्या सहा महिन्यांत एक्स-शोरूमपेक्षा पाच टक्के कमी धरतात. झेड-फोरची झाली सुमारे ८४.८ लाख. तिनं खिशातून घातले एक कोटी पाच. उद्या गाडी चोरीला गेली किंवा बुडाली तर मधले वीस लाख गेले, ज्यांत रोड टॅक्सचे साडेअकरा लाखांच्या वर आहेत. म्हणून रिटर्न टू इन्व्हॉइस घेतलं, म्हणजे हा मधला फरक भरून देणारं कव्हर. झीरो डेप्रिसिएशन घेतलं, कारण त्याशिवाय रबर-प्लास्टिकच्या भागांवर पन्नास टक्के कापतात आणि अशा गाडीचा सगळा पुढचा भाग प्लास्टिकचाच असतो. इंजिन प्रोटेक्शन तर पुरानंतर कुणाला समजवावं लागत नाही. टायरचं कव्हरही घेतलं, कारण दोन्हींपैकी एकाही गाडीत स्टेपनी नसते, आणि मागचा रुंद, बुटक्या कडेचा २७५/३५चा टायर सिमेंट रस्त्याच्या कडेला चिरला की पंक्चरवाल्याच्या हातात काही राहत नाही. कापडी टप कुठल्या खात्यात धरणार, हे ईमेलवर लेखी मागून घेतलं. क्लेमच्या दिवशी हा प्रश्न विचारला की उत्तर नेहमी ग्राहकाच्या विरुद्ध येतं.

रात्रीच्या फोनसाठी एक साधी सोय आहे. जावयांच्या गाडीची दुसरी चावी तिच्या बॅगेत असते. टायर गेला तर बाळंतीण थांबणार नाही.

वर्षभरानंतर

गाडी फेब्रुवारी २०२४मध्ये आली. पहिल्या चौदा हजार किलोमीटरचा हिशेब तिनं मला दाखवला. शहरात ॲव्हरेज सात-साडेसात, तेही प्रीमियम पेट्रोलवर. एक मागचा टायर, बजाजनगरजवळच्या कडेनं चिरलेला. पुढच्या ओठावर खालून दोन ओरखडे, एक रामटेकच्या वाटेवरचा आणि एक घराच्या फाटकातला. चेंबर शाबूत. रामदासपेठेच्या रॅम्पवर एकदाही आवाज नाही. चौकीदार आता तिला आवाजावरून ओळखू शकत नाही.

मी एकदाच बसलो तिच्या शेजारी. डिसेंबरची सकाळ होती, सावनेरहून छिंदवाड्याच्या रस्त्यानं सिल्लेवानीच्या घाटात. सातच्या सुमारास तिनं टप उघडला आणि हीटर पायांवर सोडला. कानांना गार हवा आणि पायांना ऊब. सागाच्या वाळक्या पानांचा वास थेट आत येत होता. वेग पन्नास, कधी साठ. वळणाआधी ती ब्रेक सोडायची आणि गाडी आपसूक आत वळायची. ना टायरचा आवाज, ना घाई. एका वळणावर समोरून लाकडांची गाडी आली, तिनं बाजूला घेऊन थांबवली, हात केला. एम-टूमध्ये आम्ही हा घाट निम्म्या वेळात संपवला असता, आणि ते खरंच आवडणारी माणसं मी ओळखतो. ही त्यांतली नाही. तिच्या दोन तासांचं काय होतंय हे मी त्या सकाळी पाहिलं. ती पूर्ण वेळ एक शब्द बोलली नाही.

ॲल्युमिनियमची ती पट्टी स्टिल्टमधल्या खांबाला टेकून उभी आहे, गाडीच्या डाव्या बाजूला. २४७० आणि २७४७च्या खुणा तिच्यावर अजून आहेत. त्यांच्या खाली मुलानं मार्करनं स्वतःच्या खुणा चालू केल्यात, दर महिन्याच्या एक तारखेला, पाठ पट्टीला लावून, शेजारच्या काकांना डोक्यावर वही धरायला सांगून. सगळ्यात वरची १४२वर आहे.